पंचेचाळिशीनंतर दिवसभर कॅड: मान, चष्मा, बी.पी. आणि आता थ्रीडी. आधी कशाला हात घालावा?

पॅटर्नवाला_शिरोली

नमस्कार मंडळी. वय ४७, उंची ५ फूट ६ इंच. शिरोली एमआयडीसीत कास्टिंग (ओतीव भाग) आणि पॅटर्न (त्यांच्या साच्यासाठीचे नमुने) यांची ड्रॉइंग कॅडवर, म्हणजे संगणकावर करायचं काम. समोर २४ इंची स्क्रीन, उजव्या हाताला लॅपटॉप आणि टेबलावर कायम ए-१ च्या प्रिंट पसरलेल्या. रोज नऊ तास तरी बैठक.

चष्मा दोन्ही डोळ्यांना −१.२५, जवळचा ॲडिशन (वाचण्यासाठी वाढवलेला नंबर) +१.७५, काच प्रोग्रेसिव्ह. दुपारनंतर मानेचा मागचा भाग आणि उजवा खांदा ताठरतो. स्क्रीन वाचायला हनुवटी वर करावी लागते, आणि गंमत म्हणजे चष्मा काढला की तीच स्क्रीन जास्त स्वच्छ दिसते. पहाटे उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या असतात. कंपनीच्या तपासणीत बी.पी. १४६/९४ आलं, मनगटावरचं स्मार्टवॉच मात्र १२८/८२ दाखवतं. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. मान फारच धरली की मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी घेतो.

सल्ले ढीगभर मिळतात. कुणी म्हणतं ब्लू-कट काच घे, कुणी वीस हजारांची खुर्ची सुचवतं, कुणी उभं राहून काम करायचं टेबल. त्यात कंपनी आता टूडीवरून थ्रीडीवर चालली आहे, म्हणजे स्क्रीनचे तास वाढणारच. पैसा आणि वेळ दोन्ही मोजके आहेत. सुरुवात कुठून करू?

काच_आणि_फ्रेम

चष्म्यापासून करा. खुर्ची कितीही भारी घेतली तरी हनुवटी वर जातच राहणार, कारण ती काचेमुळे जाते आहे.

प्रोग्रेसिव्ह काचेचा वरचा भाग लांबचं पाहायला, खालचा वाचायला, आणि मधे एक अरुंद पट्टा असतो जिथे नंबर हळूहळू बदलतो. स्क्रीन दिसते ती त्या पट्ट्यातून. स्क्रीन डोळ्यांच्या समोर असेल तर तुमची नजर पडते काचेच्या वरच्या भागावर. मग मधला पट्टा स्क्रीनसमोर आणायला मान मागे टाकावी लागते. नऊ तास हे केलं तर मान धरणारच.

आता चष्मा काढल्यावर बरं का दिसतं ते. −१.२५ नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय ८० सें.मी. पर्यंतचं मुळातच स्पष्ट दिसतं (१०० भागिले १.२५). स्क्रीन साधारण ६५ सें.मी. वर असते. राहिलेला थोडा फोकस ४७ व्या वर्षी डोळा सहज करतो. म्हणजे तुमचा डोळा स्क्रीनसाठी जवळजवळ तयारच आहे, चष्मा मधे येऊन काम बिघडवतो. मात्र चष्म्यात सिलिंडर (तिरकसपणाचा) नंबरही असेल तर तो काढून बसू नका, अक्षरांना सावली येईल आणि डोकं धरेल.

उपाय दोन. ६५ सें.मी. ला एकूण १.५४ डायॉप्टर (काचेच्या नंबराचं एकक) लागतात. त्यातले पाऊण तुमचा डोळा आरामात भरून काढतो, उरलेले पाऊण ते एक काचेनं द्यायचे. म्हणजे फक्त स्क्रीनसाठी एकाच नंबरचा चष्मा केला तर तो −०.२५ ते −०.५० च्या आसपास येईल. स्वस्तात होतो, सगळी काच एकसारखी, मान कुठेही ठेवा. पण तुम्ही टेबलावरच्या प्रिंटही बघता, आणि त्यातले टॉलरन्सचे (मापात चालणाऱ्या फरकाचे) बारीक आकडे या चष्म्यातून त्रास देतील. म्हणून तुमच्यासाठी ऑफिस लेन्स जास्त योग्य. तिच्यात वरचा भाग एक-दोन मीटरसाठी, मधला मोठा भाग स्क्रीनसाठी आणि खालचा वाचायला असतो. ती घालून गाडी चालवायची नाही. हायवेवर शिरोली ते कोल्हापूर येता-जाता जुनाच प्रोग्रेसिव्ह.

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन नाकापासून स्क्रीनपर्यंतचं आणि नाकापासून प्रिंटपर्यंतचं अंतर मोजा आणि कागदावर लिहून न्या. बहुतेक दुकानांत ४० सें.मी. वरच्या वाचनाच्या तक्त्यावर ॲडिशन ठरतो, स्क्रीनचं अंतर कुणी विचारत नाही. नंबर काढल्यावर ट्रायल फ्रेम चढवून त्याच अंतरावर लॅपटॉप ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं बसून बघा. गर्दीच्या वेळी गेलात तर हे कुणी करू देणार नाही, दुपारी तीन-चारला जा.

सध्याचा प्रोग्रेसिव्हही एकदा तपासून घ्या. अशा काचेवर दोन बारीक कोरलेल्या खुणा असतात, एकमेकींपासून ३४ मि.मी. वर. त्यांच्यावरून चष्मेवाला फिटिंगची खूण पुन्हा मार्कर पेनानं काढू शकतो. चष्मा घालून सरळ बघताना ती खूण बाहुलीच्या बरोब्बर मध्यावर यायला हवी. २-३ मि.मी. खाली असेल तर वाचायला आणि स्क्रीनला हनुवटी वर करावीच लागते. पुष्कळदा काच ठीक असते, नाकावरचे पॅड पसरून फ्रेम खाली घसरलेली असते. ते पॅड दाबून घ्यायला पैसेही पडत नाहीत. पुढची फ्रेम घेताना काचेची उभी उंची ३० मि.मी. च्या खाली नको.

ब्लू-कटबद्दल थोडक्यात: २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं १७ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी झाल्याचं दिसलं नाही. ते पैसे चांगल्या अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगला घाला. डोळे चुरचुरतात ते पापण्या कमी लवतात म्हणून. एसीचा किंवा पंख्याचा झोत तोंडावर असेल तर आणखी. झोत वळवा, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर वीस फुटांपलीकडे बघा. थेंब घालायचे तर ०.५ टक्के कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोजचे. लाली घालवणारे थेंब रोज घालू नका, सोडले की डोळे जास्त लाल होतात.

आणि चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासणं राहिलं असेल तर ते याच फेरीत करा. काचबिंदू दुखत नाही, त्यामुळे नुसता नंबर काढून तो सापडत नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास अंधुक दिसतं, त्या दिवशी गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

राजारामपुरी_फिजिओ

वरच्यांशी सहमत. त्यांच्या यादीत एक बिनखर्ची गोष्ट घाला: नवीन चष्मा येईपर्यंत स्क्रीन खाली आणा. सगळीकडे सांगतात की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. ते विशीतल्या पोरांसाठी. प्रोग्रेसिव्ह घालणाऱ्यांनी ती कड डोळ्यांपेक्षा ५ ते ८ सें.मी. खाली ठेवायची आणि स्क्रीन १०-१५ अंश मागे कलती करायची.

खांद्याचं कारण बहुधा टेबल आहे. आपल्याकडची टेबलं ७५ सें.मी. उंच असतात. ५ फूट ६ च्या माणसाची बसल्यावर कोपराची उंची जमिनीपासून ६७-६८ भरते. फरक सात-आठ सें.मी. चा. तो भरून काढायला दोन्ही खांदे दिवसभर उचललेले राहतात. खुर्ची तेवढी वर घ्या, आणि मग पाय लोंबकळतात म्हणून पायाखाली तेवढ्याच जाडीची फळी. तुमच्याकडे पॅटर्न शॉप आहे, फळीला काय तोटा! मांड्या जमिनीला समांतर, कोपर ९०-१०० अंशात, मनगट सरळ. हे जमलं तर वीस हजारांच्या खुर्चीची गरज नाही. उंची कमी-जास्त होते, कमरेला टेकू आहे आणि हात टेबलाखाली जातात एवढं पुरे.

उजवाच खांदा का? कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या भागामुळे माउस दहा-बारा सें.मी. बाहेर जातो आणि हात फाकलेला राहतो. कॅडवाल्यांना आकडे सोडता येत नाहीत. मग आकड्यांशिवायचा छोटा कीबोर्ड घ्या आणि आकड्यांचा सुटा पॅड डावीकडे ठेवा. आठवडाभर बोटं चुकतात, नंतर बसतं. लॅपटॉपकडे दिवसातला तिसरा हिस्सा बघत असाल तर त्याला स्टँडवर मोठ्या स्क्रीनच्या उंचीला आणा. वळायचं तर खुर्ची वळवा, नुसती मान नाही.

उभं राहायचं टेबल विकत घेऊ नका. दिवसभर उभं राहून कंबर आणि पायाच्या शिरा तक्रार करतात. प्रिंट तपासायचं काम उभ्यानं करा. जुना ड्रॉइंग बोर्ड किंवा कपाटाचा माथा १०५ सें.मी. च्या आसपास असेल तर तोच वापरा. तासाला दहा-पंधरा मिनिटं आपोआप उभं राहणं होतं.

व्यायाम तीनच सांगते. पहिला: हनुवटी सरळ मागे खेचायची, खाली वाकवायची नाही. पाच सेकंद धरून सोडायची, दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा: दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून छाती पुढे, तीस सेकंद, दोनदा. तिसरा: रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढायचा, बारा-बाराच्या दोन फेऱ्या, एक दिवसाआड. पहिल्या दोनांनी आराम पडतो, टिकतो तो तिसऱ्यानं, आणि लोक नेमका तोच सोडतात.

सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घ्यायची सवय असेल तर आजपासून बंद. झटक्यानं मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून अर्धांगवायू होतो. हे क्वचित होतं, पण झालं तर परत मागे येता येत नाही.

मुंग्यांचं वेगळं बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि पहाटेची वेळ, हे मनगटातल्या नसेवर दाब आल्याचं लक्षण. गाडीचं हँडल धरल्यावर किंवा मोबाइल कानाला धरल्यावर वाढतं का बघा. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना चार ते सहा आठवडे बांधा. दिवसा बांधून माउस चालवू नका, मग खांदा जास्त राबतो. साखर आणि थायरॉइड या दोन्हींनी हा त्रास वाढतो, तेव्हा टीएसएच तपासा, सोबत बी-१२ पण. मुंग्या करंगळीकडे असत्या तर कोपराची किंवा मानेची नस म्हटलं असतं. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसलेला दिसला किंवा हातातून कप सुटायला लागला तर थांबू नका, नसेची चाचणी करून घ्या.

दोन गोष्टींना मानदुखी समजून घरी बसायचं नाही. शर्टाची बटणं लावताना दोन्ही हात अडखळणं, चालताना तोल जाणं: मज्जारज्जूवर दाब असू शकतो. आणि चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येऊन ते जबड्यात किंवा हातात उतरणं: तिथे शेक नाही, लगेच ईसीजी.

गंगावेस_कट्टा

ताई, पट्टा-बिट्टा कशाला राव. तालमीत जाऊन पन्नास जोर, शंभर बैठका मारा म्हणावं, वर कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. मान काय, बी.पी. पण सरळ हुतंय.

राजारामपुरी_फिजिओ

बैठका चांगल्याच आहेत दादा, पण ज्यानं वीस वर्षं मारल्या नाहीत त्यानं पहिल्याच दिवशी शंभर मारल्या तर गुडघा आठवडाभर जिना उतरू देणार नाही. स्टुलावर बसून उठणं आठ-आठच्या दोन फेऱ्या, आणि जोर भिंतीला किंवा टेबलाच्या कडेला. आठवड्यातून दोन दिवस. बी.पी. १४६ असताना दम कोंडून जोर लावायचा नाही, उठताना श्वास सोडायचा. शीर्षासनही सध्या नको.

मापात_बसलेला

फिजिओताईंनी दूध सोडून दिलं म्हणून ते मी घेतो. म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्के स्निग्धांश असतो. तालमीतला पैलवान तो जाळतो, स्क्रीनसमोरचा माणूस साठवतो. आणि न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, तेव्हा धारोष्ण कितीही गोड लागलं तरी उकळूनच.

आता मूळ प्रश्नाकडे. आधी ती दुखण्याची गोळी कुठली ते बघा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी मंडळी बी.पी. वाढवतात. १४०/९० च्या वर असताना एटोरिकॉक्सिब तर घेऊच नये. मानेसाठी गोळी, गोळीनं बी.पी., मग बी.पी. ची गोळी, असं चक्र आपल्याकडे पुष्कळांचं चालतं. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांत सोडियम असतं, त्याही नकोत.

घड्याळावरचा आकडा सोडून द्या. ते मनगटातल्या रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून अंदाज बांधतं. नाडी ठीक सांगतं, पावलं ठीक सांगतं, बी.पी. वर गोळी ठरवण्याइतका त्याचा भरवसा नाही. त्यातल्या ईसीजीला हृदयाचे अनियमित ठोके कळू शकतात, पण झटका कळत नाही. छातीत दुखताना घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणालं म्हणून घरी थांबू नये.

दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मशीनपेक्षा कफ महत्त्वाचा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपनं मोजा. नेहमीचा कफ २२ ते ३२ सें.मी. साठी असतो. त्यापुढे ३२ ते ४२ चा मोठा कफ लागतो. जाड दंडाला छोटा कफ बांधला की आकडा खोटा चढा येतो.

मोजायची पद्धत: आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री काही नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, एकावर एक न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात टेबलावर, कफ छातीच्या मध्याच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, टीव्हीवरच्या बातम्यांनाही उत्तर द्यायचं नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळी चहा-गोळीच्या आधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिला दिवस खोडून टाका, राहिलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्यावर असेल तर बी.पी. आहे असं धरून डॉक्टरांकडे तो कागद घेऊन जा. दवाखान्यातली मर्यादा १४०/९०, घरची कमी, हे लक्षात ठेवा. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं असं काही असेल तर मात्र सरासरीची वाट बघायची नाही.

मिठाचा हिशोब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगितलं आहे, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. चौघांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे एक किलोची पुडी पन्नास दिवस जायला हवी. पुडीवर उघडल्याची तारीख लिहा, आपोआप कळतं. आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातूनच येतं, वर भर घालतात खर्डा, लोणचं, पापड, ताकातलं मीठ, फरसाण, ब्रेड. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बी.पी. च्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय वापरायचं नाही.

६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४). हिमोग्लोबिनही बघा, लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. बेंबीच्या उंचीला पोटाचा घेर मोजा, आपल्या पुरुषांना ९० सें.मी. ची मर्यादा, बायकांना ८०. या टप्प्यावर फरक पडतो याचा पुरावा भक्कम आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढ्या बळावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. २००६ च्या भारतीय चाचणीत घट २८.५ टक्के होती. कमी आहे, पण फुकट आहे.

खाण्यात पहिला वार चहावर. कंपनीत पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, झाले ५० ग्रॅम. गुळाचा केला तरी तेच, गूळ आपल्या कोल्हापूरचा असला तरी साखरच आहे. पांढऱ्या रश्श्याला उगाच बदनाम करतात. साखर वाढवतो तो त्याच्याबरोबरचा भात. मिसळ खायची तर मटकी जास्त मागा, फरसाण निम्मं, स्लाइस एकच, आणि कट परत परत मागवू नका. दुपारी जेवल्यावर खुर्चीत बसण्याआधी कंपनीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतरची साखर त्यानं खाली राहते. रविवारचा रंकाळा चांगलाच, पण तो या दहा मिनिटांची जागा घेत नाही. एचबीए१सी तीन महिन्यांनी परत करा. महिन्याला करून उपयोग नाही, तो मागच्या दोन-तीन महिन्यांचाच हिशोब असतो.

घोरता का? दिवसा मीटिंगमध्ये डुलकी, सकाळी डोकं जड, आणि कॉलर ४० सें.मी. च्या पुढे असेल तर झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी करा. गोळ्यांना न जुमानणाऱ्या बी.पी. मागे पुष्कळदा तेच निघतं.

उद्यमनगर_ले-आउट

तब्येतीचं झालं, आता सॉफ्टवेअर. पण सुरुवात डोळ्यांच्याच सोयीनं करतो.

ऑटोकॅडची काळी पार्श्वभूमी तरुणपणी बरी वाटते. चाळिशीनंतर काळ्यावर बाहुली मोठी होते आणि फोकसची खोली कमी होते, बारीक रेघा फिसकटतात. फिकट राखाडी करून बघा. मात्र आधी लेअरचे रंग बदला, पिवळा आणि आकाशी फिकट पार्श्वभूमीवर दिसणारच नाहीत. पिकबॉक्स (कर्सरवरचा निवडायचा चौकोन) ७-८ करा. विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के. स्क्रीन बदलायची वेळ आली तर २७ इंच, पण २५६० बाय १४४० ची. २७ इंचात फुल एचडी घेतली तर अक्षरं जाडीभरडी दिसतात.

थ्रीडीतली अडचण वय नाही, हात आहे. मॉडेल फिरवायला माउसचं चाक दाबून धरावं लागतं, दिवसात शेकडो वेळा. त्यानं मधलं बोट आणि मनगट जातं, आणि तुमचं मनगट आधीच तक्रार करतंय. पहिल्याच दिवशी ते काम माउसच्या अंगठ्याकडच्या बटणावर टाका. बजेट असेल तर डाव्या हाताचा थ्रीडी माउस मागा, कंपनीला पटवायला सोपं: दोन्ही हात चालतात म्हणून कामही लवकर होतं.

शिकताना यूट्यूबवरचे नट-बोल्ट करत बसू नका. तुम्हाला तोंडपाठ असलेलं एक कास्टिंग घ्या, ज्याचं फेटलिंगनंतरचं (जादा धातू काढून साफ केल्यावरचं) वजन माहीत आहे. मॉडेल करा, ग्रे आयर्नची घनता ७.२ ग्रॅम प्रति घन सें.मी. द्या आणि वजन जुळवा. दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर कुठलीतरी भिंत किंवा कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा गाभा) चुकला आहे. ही तपासणी टूडीत कधीच नव्हती, त्यामुळे थ्रीडीचा फायदा इथेच पटतो.

क्रम महत्त्वाचा. आधी मूळ घन, मग पोकळ्या, मग रिब (आधाराच्या पट्ट्या), मग पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) ठरवून ड्राफ्ट (पॅटर्न सुटून यावा म्हणून दिलेला उतार), आणि फिलेट (कोपऱ्यांची गोलाई) सर्वांत शेवटी. नवीन माणूस फिलेट आधी देतो, मग ड्राफ्ट लावताना एरर येतो आणि मॉडेलच्या पायऱ्यांचं सगळं झाड लाल होतं. श्रिंकेज (धातू थंड होताना आकसतो ते) ड्रॉइंगच्या मापात मिसळू नका, शेवटी स्केलनं द्या: ग्रे आयर्नला साधारण १ टक्का, म्हणजे १.०१, स्टीलला २ टक्के, ॲल्युमिनियमला १.३ च्या आसपास. नक्की आकडा तुमच्या फाउंड्रीच्या जुन्या पॅटर्नवरून काढा. कास्टिंगची आणि पॅटर्नची फाइल वेगळी ठेवा, नाहीतर कुणीतरी स्केल केलेली फाइलच मशिनिंगला पाठवतं.

तुमची जमेची बाजू अशी की मशिनिंग अलाउन्स (मशीनवर कापायला ठेवलेला जादा धातू) कुठे सोडायचा, कोअर प्रिंटला (कोअर बसायच्या खाचेला) किती क्लिअरन्स, कुठे आकुंचनाची पोकळी येणार हे तुम्हाला माहीत आहे. पंचविशीतल्या पोराला कमांड येतात, हे येत नाही. दोघांनी एका जॉबवर बसा.

एआयचंही विचाराल म्हणून सांगतो. ऑटोलिस्पची (ऑटोकॅडमधल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची) छोटी कामं (सगळ्या टेक्स्टची उंची बदलणं, लेअर साफ करणं) ते बरी लिहून देतं. नेहमी ड्रॉइंगच्या कॉपीवर चालवा, मूळ फाइलवर नाही. ग्राहकाचं ड्रॉइंग कुठल्याही फुकट साइटवर चढवू नका, गोपनीयतेच्या करारात अडकाल. मापं त्याच्याकडून घेऊ नका, बिनचूक वाटेल असं चुकीचं माप ते बिनधास्त देतं.

पॅटर्नवाला_शिरोली

सगळ्यांचे आभार. टेप लावली: नाक ते स्क्रीन ५८ सें.मी., नाक ते प्रिंट ४५. दंडाचा घेर ३४. गोळी एटोरिकॉक्सिबच निघाली, बंद केली. ५८ चं माप घेऊनच चष्मेवाल्याकडे जाऊ का? आणि कफ लहान होता असं धरलं तर ते १४६ सोडून द्यायचं का?

काच_आणि_फ्रेम

५८ वर चष्मा करू नका. ते अंतर तुम्ही बहुधा अक्षरं दिसत नाहीत म्हणून पुढे सरकून केलेलं आहे. आधी वर सांगितलंय तसं स्केलिंग १२५ करा, स्क्रीन ६५ वर मागे न्या, तीन-चार दिवस तसं काम करा आणि मग पुन्हा मोजा. आत्ता ५८ ला काच कापली तर पुढची दोन वर्षं काच तुम्हाला त्याच अंतरावर बसवून ठेवेल. ४५ चा आकडा ठीक आहे, तो तसाच लिहून द्या.

मापात_बसलेला

सोडून द्यायचं नाही. ३४ ला मोठाच कफ लागतो, त्यामुळे १४६ थोडं चढं आलं असेल, पण सगळा फरक कफचा असेलच असं नाही. त्यात तुमची गोळीही आकडा वर ढकलत होती. गोळी बंद करून दोन आठवडे जाऊ द्या, मग सात दिवसांची मोजणी सुरू करा. मधे एकदा दोन्ही दंडांवर मोजा, ज्या हाताला जास्त येईल तोच हात पुढे कायम वापरा. तोवर मान दुखलीच तर पॅरासिटामॉल, साधी, फसफसणारी नको. मशीन घेताना मोठा कफ बरोबर येतो का ते विचारा, पुष्कळदा तो वेगळा मागवावा लागतो. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा कागदासोबत मशीनही घेऊन जा, त्यांच्या मशीनशी एकदा ताडून बघतील.